कोरं पान आणि मागे पडलेलं घड्याळ

[पडद्यावर: करड्या रंगाचा डेस्कटॉप, तळाशी आयकॉनांची पट्टी]

ही रिस्क ओएस, संगणक चालवणारी एक प्रणाली. केम्ब्रिजच्या एकॉर्न कम्प्युटर्सनं १९८७ साली आर्किमिडीज हा संगणक आणला, तेव्हा त्याच्यासाठी लिहिलेल्या प्रणालीतून ही वाढली. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये असलेली एआरएम प्रोसेसरची जातही याच कंपनीत जन्मली. आता ही प्रणाली रास्पबेरी पाय या तळहातावर मावणाऱ्या संगणकावर चालते. वापरणारे थोडे आहेत, पण जीव लावून वापरतात.

पट्टीवर दिसतोय तो नेटसर्फ. २००२ साली याच प्रणालीसाठी हा ब्राउझर लिहायला सुरुवात झाली. पानाची मांडणी करणारं इंजिन कुठून उचललेलं नाही, ते सी भाषेत नव्यानं लिहिलंय. एका माणसानं ठरवलं तर वाचून समजून घेईल, एवढा त्याचा आवाका. तो बिघडला की कारण सापडतं, म्हणून मला तो आवडतो.

कधी कधी तो उघडतच नाही. दुसऱ्या संगणकावर झिप सोडवून पेन ड्राइव्हवरून आणला असेल तर हमखास. रिस्क ओएस फाईलच्या नावामागचं शेपूट बघत नाही. इथे प्रत्येक फाईलला तीन अंकी-अक्षरी खूण चिकटलेली असते: आज्ञांच्या फाईलला एफईबी, थेट चालणाऱ्या प्रोग्रामला एफएफ८. बाकीच्या प्रणालींना ही खूण कळत नाही आणि त्या ती वाटेत गाळून टाकतात. झिप अखंड इकडे आणायची आणि इथेच सोडवायची, एवढाच उपाय.

[पडद्यावर: नेटसर्फची खिडकी, सर्टिफिकेटची तक्रार करणारं पान]

आता ब्राउझर उघडलाय. साधी, जुन्या धर्तीची एचटीटीपी पानं येतात. पत्त्यात एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, आली की मात्र साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट मान्य नाही म्हणून सांगतो, आणि एखाद्या साइटवर नाही, एकूणएक साइटवर. इथे बहुतेक जण ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. थांबा. सगळ्या साइट एकाच दिवशी खोट्या कशा ठरतील?

पडद्यावरच्या घड्याळाकडे बघा. १ जानेवारी १९७०.

जुन्या रास्पबेरी पायच्या बोर्डावर, अगदी चौथ्या पिढीपर्यंत, वीज गेल्यावरही चालत राहील असं घड्याळच नाही. सुरू झाल्यावर वेळ नेटवर्कवरून मागून घ्यावी लागते. त्या क्षणी केबल सैल असली, तर यंत्र जुन्याच तारखेत जागं होतं. प्रत्येक सर्टिफिकेटवर मात्र ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. १९७० सालच्या यंत्राच्या दृष्टीनं आजचं कुठलंही सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. ब्राउझर चोख काम करतोय, त्याला वेळ चुकीची सांगितली गेलीय. केबल नीट बसवा, सेटिंगमध्ये वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नाव आहे का ते पाहा आणि यंत्र पुन्हा सुरू करा.

तारीख सुधारली. बरीच पानं उघडली, पण काही अजून अडूनच आहेत. हा धागा वेगळा. कुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा, याची एक यादी यंत्रात असते आणि तीही जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेटं वापरणाऱ्या असंख्य साइट त्या दिवशी जुन्या यंत्रांवर बंद पडल्या. कारण त्यांच्या यादीत नव्या मुळाचं नावच नव्हतं. म्हणून यादी ताजी करायची, आणि ब्राउझरची आवृत्तीही.

[पडद्यावर: वाळूचं घड्याळ, बाकी सगळं स्तब्ध]

हे वाळूचं घड्याळ दिसलं की घाबरू नका. या प्रणालीत प्रत्येक प्रोग्रामनं आपण होऊन पाळी सोडायची असते. लांबलचक पानाची मांडणी करण्यात नेटसर्फ गुंतला की सगळा डेस्कटॉप त्याच्यासाठी खोळंबतो. पायच्या प्रोसेसरमधल्या चार कोअरपैकी, म्हणजे काम करणाऱ्या चार भागांपैकी, रिस्क ओएस एकच वापरते, त्यामुळे मदतीला दुसरा कुणी येत नाही. थोडी वाट पाहा. अगदीच हललं नाही तर ऑल्ट आणि ब्रेक एकत्र दाबून तो बंद करता येतो.

उरली ती कोरी पानं. नेटसर्फमध्ये जावास्क्रिप्टसाठी, म्हणजे पानासोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रामांसाठी, डकटेप नावाचं छोटं इंजिन आहे, पण आख्खं पान स्क्रिप्टनंच बांधणाऱ्या साइट त्याला पेलत नाहीत. अशा वेळी जावास्क्रिप्ट बंद करून तेच पान पुन्हा मागवा. बनवणाऱ्यानं स्क्रिप्टविना वाचणाऱ्यांचा विचार केला असेल, तर मजकूर समोर येतो. नसेल केला, तर ते पान इथे दिसणार नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

[पडद्यावर: स्क्रॅप फोल्डर, त्यात नेटसर्फची लॉग फाईल]

यातलं काहीच लागू पडलं नाही तर ही फाईल उघडा. नेटसर्फ चालू असताना काय मागवलं, काय मिळालं आणि कुठे अडलं, ते साध्या मजकुरात इथे लिहीत जातो. वाचायला शेवटाकडून सुरुवात करा. आणि ब्राउझर पुन्हा सुरू करण्याआधी तिची प्रत बाजूला ठेवा, कारण पुढच्या वेळी तो याच फाईलवर नव्यानं लिहायला लागेल.