स्विचच्या दारावरची यादी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, महापे येथील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कार्यालयात शिरले, तर एका कोपऱ्यातील रॅकमध्ये दिवे लुकलुकणारा नेटवर्क स्विच, म्हणजे उपकरणांना एकमेकांशी जोडणारी पेटी, दिसतो. लेखा विभागाचे संगणक, हजेरीचे यंत्र, कॅमेरे आणि पाहुण्यांसाठीचे वायफाय या सर्वांची वाहतूक त्याच्यामार्फत होते. त्याखेरीज स्विचला स्वतःचाही एक आयपी पत्ता असतो आणि त्या पत्त्यावरून त्याची सारी मांडणी (कॉन्फिगरेशन) बदलता येते. पाहुण्याच्या लॅपटॉपवर त्याचे लॉगिन उघडण्याचे काहीच कारण नाही.

पासवर्ड आहे, मग काळजी कशाला, असे अनेकांना वाटते. मार्च २०१७ मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने आपल्या ३०० हून अधिक स्विच-मॉडेलांच्या टेलनेट सेवेत, म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीत, असा दोष असल्याचे जाहीर केले, की तो वापरणाऱ्याला पासवर्ड न देताच स्विचचा पूर्ण ताबा मिळत असे. दुरुस्ती हाती येईपर्यंत टेलनेट बंद करणे, आणि ते शक्य नसल्यास मोजक्याच पत्त्यांना प्रवेश देणे, हाच आधार होता.

मोजक्याच पत्त्यांना प्रवेश देण्याचे हे काम अॅक्सेस लिस्ट, म्हणजे परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी, करते. समजा, यादीत १०.१०.५०.२१ हा व्यवस्थापकाच्या संगणकाचा एकच पत्ता लिहिला. यादीच्या शेवटी न लिहिलेला नकार असतोच, त्यामुळे इतर कोणालाही पासवर्ड विचारला जाण्याआधीच परत फिरावे लागते. मात्र सिस्कोच्या अनेक स्विचवर दूरस्थ प्रवेशाच्या ० ते १५ अशा सोळा वाहिन्या असतात, आणि घाईत ० ते ४ एवढ्यांनाच यादी लावून उरलेल्या अकरा मोकळ्या सोडल्या जातात. ही चूक फार वेळा होते, म्हणून ती येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. ब्राउझरमधून होणारा प्रवेश आणि एसएनएमपी (उपकरणांवर दुरून देखरेख ठेवण्याची पद्धत) यांनाही यादी स्वतंत्रपणे लावावी लागते. आयपीव्ही६ ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल, तर त्याचीही यादी वेगळी.

सर्वांत नाजूक क्षण यादी लागू करण्याचा. ठाण्यात बसून महापेच्या स्विचवर काम करणाऱ्याने स्वतःचाच पत्ता चुकीचा लिहिला, तरी चालू असलेली जोडणी तुटत नाही. त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटते, बदल जतन होतो, लॉगिनची खिडकी बंद होते, आणि मग कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची तार) घेऊन प्रत्यक्ष महापे गाठण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणून जाणकार अभियंता यादी लावण्यापूर्वीच स्विचला दहा मिनिटांनी रीलोड होण्याची, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची, आज्ञा देतो. दार बंद झालेच, तर स्विच पुन्हा सुरू होताना शेवटची जतन केलेली मांडणी उचलतो आणि प्रवेश परत मिळतो. सारी वाहतूक मात्र काही मिनिटे थांबते, त्यामुळे हे काम कार्यालय सुटल्यावरच करायचे. पहिली खिडकी उघडी ठेवून तो दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करतो, यादीबाहेरच्या एका संगणकावरून नकार मिळतो हेही पाहतो, आणि त्यानंतरच रीलोड रद्द करून बदल जतन करतो.