व्याजाला पावसाळा नसतो

(दृश्य: रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल. खाली धुकं, वरून गाडी.)

नदीपात्रापासून 64 मीटर उंची. खिडकीपाशी बसलेल्या माणसाची नजर खाली गेली की तो नकळत बाकाची कड धरतो. मला या पुलावर दरवेळी आठवतं ते व्याज.

कोकणातून रेल्वेमार्ग बांधायला 1990 च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. रेल्वे आणि चार राज्यांनी भागभांडवल घातलं, पण बरीचशी रक्कम रोखे काढून, म्हणजे व्याजाच्या बोलीवर कर्ज घेऊन, बाजारातून उभी करायची होती. कोकणात चार महिने पाऊस कोसळतो, माती सरकते, काम रखडतं. रोख्यांवरचं व्याज मात्र चढतच राहतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. डोंगराला भिडलेली यंत्रं.)

महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन स्थापत्य अभियंते. त्यांनी मार्गाचे सात विभाग पाडले आणि एकेका मुख्य अभियंत्यावर एकेक विभाग सोपवला. कातळ फोडायला स्वीडनहून नऊ यंत्रं आली. नुसती किंमत पाहिली तर महागच. पण वाचलेल्या महिन्यांचं व्याज शेजारी मांडलं की आकडा वेगळा दिसू लागतो. 1993 च्या मार्चमध्ये दक्षिण टोकाचा आणि जूनमध्ये उत्तर टोकाचा तुकडा सुरूही झाला. मधले डोंगर अजून फोडायचेच होते!

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो चढाचा निर्णय. कमाल चढ 150 मीटरला एक मीटर. सह्याद्रीच्या पायथ्याशी एवढा सौम्य मार्ग हवा, तर डोंगराला वळसा घालून किंवा त्यावर चढून भागत नाही, तो पोखरावाच लागतो. म्हणून 741 किलोमीटरवर 92 बोगदे. एकटा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. बांधताना खर्च वाढला, पण जड मालगाडी ओढायचा खर्च कायमचा उतरला.

गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मात्र सगळे हिशेब चुकले. मऊ, पाण्यानं भिजलेली माती पुन्हा पुन्हा ढासळत होती. या कामात जीव गमावलेल्यांचं स्मारक रत्नागिरीला आहे. तिथं मी नेहमी थांबतो.

(दृश्य: कोलाड स्थानक. सपाट वाघिणींवर चढणारे ट्रक.)

26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. कर्ज फेडायचं होतंच. पुढच्याच वर्षी महामंडळानं भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून न्यायला सुरुवात केली. घाटवळणं नाहीत, ट्रकचं डिझेल जळत नाही, आणि रुळांना नवं गिऱ्हाईक मिळालं.

(दृश्य: पुन्हा पानवलचा पूल. रांगेनं ट्रक वाहून नेणारी गाडी. एका केबिनमध्ये चालक गाढ झोपलेला.)