खांद्याला दाब कळत नाही

(दृश्य: उघडलेली दुनळी, नळीत सरकणारं काडतूस)

ऑलिंपिक ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायचा खेळ. त्याच्या पात्रता फेरीत 125 तबकड्या. प्रत्येकीवर दोन बार टाकता येतात, म्हणजे खांद्याला अडीचशेपर्यंत धक्के. साहजिकच नेमबाज मऊ, म्हणजे कमी धक्क्याचं, काडतूस शोधतो. पण बरेच जण ते शोधताना आधी नळीतल्या वायूच्या दाबाचा आकडा बघतात, आणि तिथेच फसतात.

समजा, बारा बोअरची दोन काडतुसं आहेत. दोन्हींत 24 ग्रॅम छर्रे, वेग 400 मीटर प्रतिसेकंद. एकात जलद जळणारी दारू, दाब 650 बार (इथे बार हे दाबाचं एकक); दुसऱ्यात सावकाश जळणारी, दाब 500 बार. धक्का? जवळजवळ तेवढाच. पहिल्यात दाब झटकन चढतो आणि झटकन उतरतो. दुसऱ्यात कमी चढतो, पण जास्त वेळ रेटत राहतो. छर्रे नळीबाहेर पडतात तीनेक मिलिसेकंदांत. तेवढ्या वेळात बंदूक मागे सरकते जेमतेम पाच मिलिमीटर. खांद्याला खरा भार येतो तोवर दाबाचा खेळ आटोपलेला असतो. उरतो तो बंदुकीला मिळालेला वेग.

(दृश्य: तराजूवर छर्रे, वॅड, दारू)

तो वेग मोजता येतो. छर्रे 24 ग्रॅम, वॅड (छर्रे आणि दारू यांच्यामधली गुडदी) अडीच ग्रॅम, दारू 1.3 ग्रॅम, दारूच्या वायूचा वेग छर्र्यांच्या दीडपट धरतात. बंदूक 3.6 किलोची असेल, तर ती सुमारे 3.2 मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येते. धक्क्याची ऊर्जा 18 ज्यूल. छर्रे 28 ग्रॅम केले की साडेतेवीसच्या आसपास. उलट, 24 ग्रॅमच ठेवून वेग 370 वर आणला की 15. बंदुकीला 200 ग्रॅम वजन जोडलं, तर 18 चे 17 होतात. म्हणून आधी छर्रे आणि वेग कमी करावा, वजनाचं नंतर बघावं. आणि गालाला मार बसत असेल, तर काडतूस बदलण्याआधी दस्त्याची, म्हणजे गाल टेकतो त्या भागाची, उंची तपासावी.

कमी दाबाच्या हव्यासात एक खरा धोका आहे. कमी छर्र्यांच्या काडतुसात सावकाश जळणारी दारू घातली, त्यात थंडी असली, की ती नीट पेटत नाही. बार 'फुस्स' वाजतो, नळीत न जळलेले दाणे राहतात, कधी वॅडच अडकतो. त्यामागून दुसरा बार गेला, तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज दबका आला की लगेच थांबा. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बंदूक उघडा, दोन्ही काडतुसं काढा आणि मागच्या बाजूने नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.