आठशे फुटांच्या खाली

(दृश्य: औसा तालुक्यातलं शिवार. बोअरची गाडी लागलेली.)

लातूर भागात बोअर सुरू असला की बांधावर बसलेल्या माणसांना खालचा दगड धुरळ्यावरूनच कळतो. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा मऊसर दगड. मांजऱ्याला पाणी लागायची आशा असते, म्हणून सगळे उठून गाडीजवळ येतात. काळा पाषाण लागला की पुन्हा जाऊन बसतात. मधेच धुरळा तांबडा होतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबून भाजलेली ही जुनी माती. मग पुन्हा पाषाण. आठशे फूट झाले तरी पाषाणच. बोअरवाल्याचा हिशोब फुटावर असतो, त्यामुळे त्याची काही तक्रार नसते.

हा पाषाण संपतो कुठे?

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टखाली, म्हणजे याच काळ्या पाषाणाखाली गेला. सह्याद्रीकडे हे थर जाड आहेत. कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तेव्हा त्यातले पहिले १,२४७ मीटर निव्वळ बेसाल्ट निघाला. पूर्वेकडे जावं तसा तो पातळ होत जातो. नांदेड जिल्ह्यात देगलूरच्या बाजूला तर तो संपतोच आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. लातूर या दोन्हींच्या मधे आहे. इथे बेसाल्टच्या खाली नेमकं काय आहे, हे बघण्याची गरज बरीच वर्षं कुणाला वाटली नाही.

(दृश्य: जुनं किल्लारी. पडक्या भिंती, बाभळी.)

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गाव झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं झोपेतच गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं गेली. माळवदाची घरं, गोल दगडांच्या मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचा भार. भूकंपाची नाभी उथळ, जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आतच. वर पोचेपर्यंत हादरा विरायला जागाच उरली नाही.

भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. दख्खन म्हणजे अचल, असंच पुस्तकांत छापलेलं असे. किल्लारीचे लोक मात्र आदल्या वर्षापासून जमिनीतून आवाज येतात, भांडी हलतात, असं सांगत होते.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने, म्हणजे एनजीआरआयने, इथे बोअर घेतले. हे बोअर पाण्यासाठी नव्हते. शेतातल्या बोअरचा हातोडा दगडाचं पीठ करतो. इथे हिऱ्याचे दात असलेलं पोकळ बिट लावून दगडाची अखंड कांडी वर काढतात. तिला कोअर म्हणतात. यातला सर्वांत खोल बोअर ६१७ मीटरपर्यंत गेला.

त्यात पाषाण संपला ३३८ मीटरवर. म्हणजे अकराशे फूट. आपला आठशे फुटांचा बोअर तिथवर पोचतच नाही. त्याखाली आठ मीटर गाळाचा थर लागला. लाव्हा यायच्या आधी उघड्या जमिनीवर साचलेला हा गाळ. आणि मग लागला पायाचा खडक, अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा.

(दृश्य: कोअरची कांडी जवळून. काळपट हिरवा, पट्टेदार दगड.)

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. देगलूरकडे दिसतो तसा फिकट, गुलाबी-करडा ग्रॅनाइट इथेही निघेल, अशी अपेक्षा होती. निघाला तो गडद आणि हाताला जड. ग्रॅनाइटचा एक घनसेंटीमीटर साधारण २.६५ ग्रॅम भरतो, हा दगड २.८ च्या घरात जातो. भूकंपाच्या लहरी त्यातून सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त वेगाने धावतात. असा दगड पृथ्वीच्या कवचाच्या मधल्या भागात असतो, वरच्या भागात नव्हे.

हे ठरवायचं कसं? त्यातल्या खनिजांना विचारायचं. हॉर्नब्लेंड नावाच्या काळ्या-हिरव्या खनिजाच्या स्फटिकात थोडं पाणी बांधलेलं असतं. तापमान सातशे अंशांच्या पुढे गेलं की हॉर्नब्लेंड मोडू लागतं, त्यातलं पाणी सुटतं आणि त्या जागी पाणी नसलेलं पायरॉक्सिन तयार होतं. ही दोन्ही खनिजं शेजारी-शेजारी दिसली की दगड किती तापला होता ते कळतं. दाबाचा अंदाज ॲल्युमिनियमवरून येतो. दाब जितका जास्त, तितकं ॲल्युमिनियम हॉर्नब्लेंडमध्ये अधिक शिरतं. केसापेक्षा पातळ काप घेऊन त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा आणि एकेका कणातलं प्रमाण मोजायचं. तापमापक बुडवायला कुणी खाली गेलेलं नसतं, तरी आकडा मिळतो.

किल्लारीच्या खडकाने सांगितलं की तो घडला कित्येक किलोमीटर खोल. आज तो साडेतीनशे मीटरवर आहे. याचा अर्थ, लाव्हा यायच्या कितीतरी आधी इथली जमीन उचलली गेली, वरचा ग्रॅनाइटचा थर झिजून वाहून गेला आणि आतला खडक उघडा पडला. त्यावर मग बेसाल्टने झाकण घातलं. अचल म्हणवणाऱ्या जमिनीचा हा इतिहास आहे.

भूकंप इथेच का झाला, यावर मात्र शास्त्रज्ञांची मतं वेगवेगळी आहेत. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकतो, हिमालयाला रेटतो, त्या रेट्याचा ताण सगळ्या दख्खनवर येतो, इथवर सर्वांचं जुळतं. हा ताण जड आणि कडक खडकात जास्त साठतो, असं काही जण म्हणतात. काहींचा भर भेगांतल्या पाण्याच्या दाबावर आहे. निम्न तेरणा धरणाकडेही बोट दाखवलं गेलं. एक गोष्ट बोअरांनीच दाखवली: ज्या भेगेवर हा भूकंप झाला, तिच्या दोन बाजूंना लाव्हाचा एकच थर वर-खाली सरकलेला आहे आणि हे सरकणं एका भूकंपात मावणारं नाही. ही भेग १९९३ च्या आधीही हललेली आहे.

(दृश्य: हिंगोली जिल्हा. पारावर बसलेली माणसं.)

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी हादरलं. तीव्रता ४.५. जुलैत पुन्हा तेवढाच धक्का. वसमतकडे आणि निलंगा तालुक्यातही लोक ‘गूढ आवाजा’बद्दल बोलतात. त्यात फारसं गूढ नाही. धक्का उथळ आणि बारीक असला की त्याची पहिली लहर जमिनीतून हवेत शिरते आणि कानाला गडगडाट ऐकू येतो. कडक पाषाण ती लहर मऊ गाळासारखी शोषून घेत नाही. हलणं इतकं कमी असतं की पायाला ते जाणवतही नाही, फक्त ऐकू येतं. अशा आवाजाची तारीख आणि वेळ कुणी वहीत लिहून ठेवली, तर ती भूकंपमापकाच्या नोंदीशी ताडून बघता येते.