समुद्र आटला, तरी तराफा लागलाच

नमस्कार मंडळी! गेटवेवरून घारापुरीला लाँचनं गेलाय कधी? तासाभराचा प्रवास, आणि लाटा असल्या की पोटात ढवळतं. माझ्या तरी हमखास.

आता समजा, तुम्ही 20 हजार वर्षांपूर्वी गेटवेच्या जागी उभे आहात. लाँचची गरजच नाही. घारापुरी ही समोरची एक टेकडी, चालत जा. समुद्र बघायचा असेल तर मात्र पायपीट आहे. मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ साधारण 300 किलोमीटर पसरलाय आणि त्यातला बराचसा तेव्हा कोरडा होता.

पाणी गेलं कुठे? उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर. तिथे किलोमीटर-दोन किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून जाड बर्फ साचलं होतं. समुद्राची वाफ झाली, तिचं बर्फ पडलं, ते वितळलंच नाही. जगभर पाण्याची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली.

हे मोजलं कसं? प्रवाळांवरून. काही जातींचे प्रवाळ पाण्याच्या वरच्या काही मीटरांतच वाढतात, त्यांना ऊन लागतं. बार्बाडोस बेटाजवळ समुद्रतळ खोदून नमुने काढले, तर हेच प्रवाळ 100 मीटरहून खोल सापडले. ते जिवंत होते तेव्हा पाण्याचा वरचा थर तिथे होता, एवढाच त्याचा अर्थ. वय काढलं युरेनियम-थोरियम पद्धतीनं, म्हणजे प्रवाळातल्या युरेनियमचं किती थोरियम झालंय ते मोजून.

इथवर ठीक. पण यातूनच एक गैरसमज निघालाय. नेटवरच्या ॲनिमेशनमध्ये आफ्रिकेतून माणसाच्या प्रवासाचा एक बाण निघतो, आशियातून सरकत सरकत थेट ऑस्ट्रेलियात घुसतो. जणू पायवाटच होती. नव्हती!

(पडद्यावर नकाशा)

हे बघा. पाणी उतरलं तेव्हा सुमात्रा, जावा, बोर्निओ, बाली आशियाला जोडले गेले. या भूभागाला म्हणतात सुंदा. इकडे ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि टास्मानिया एक झाले, तो साहुल. आणि मधली ही बेटं? ती बेटंच राहिली. बाली आणि लोंबोक घ्या. मध्ये 35 किलोमीटरच्या आसपास पाणी. पण खाडी इतकी खोल की 120 मीटर उतरूनही तळ उघडा पडत नाही. 1856 साली आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गअभ्यासक बालीहून लोंबोकला उतरला आणि चक्रावला. एवढ्याशा अंतरात पक्षी बदलले होते, लोंबोकवर पांढरे काकाकुवा दिसायला लागले. बालीत वाघ होते, लोंबोकला ते पोचलेच नाहीत.

वाघ अडला तिथे माणूस अडला नाही, ही खरी गोष्ट. आणि हा माणूस म्हणजे आपणच असंही नाही. लोंबोकच्या पूर्वेला फ्लोरेस बेट आहे. तिथे सुमारे 10 लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळालीत. तेव्हा आपली प्रजाती, होमो सेपियन्स, अस्तित्वातच नव्हती. याच बेटावर, लिआंग बुआ गुहेत, 2003 साली जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या माणसाचा सांगाडा सापडला, होमो फ्लोरेसिएन्सिस, म्हणजे माणसाची एक वेगळीच प्रजाती.

ते मुद्दाम आले की वाहून आले? मला वाहून आले हे जास्त पटतं. 2004च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियात एक जण झाडाच्या ओंडक्यांवर तरंगत आठ दिवसांनी जिवंत सापडला होता. दहा लाख वर्षांत अशा किती लाटा आल्या असतील!

साहुलचं तसं नाही. तिथे आपली माणसं किमान 50 हजार वर्षांपूर्वी पोचली. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या माजेदबेबे इथल्या थरांची तारीख 65 हजार वर्षं निघते, पण त्यावर वाद आहे. त्या वेळी समुद्र 120 मीटर खालीही नव्हता, तो नीचांक फार नंतरचा. एकामागून एक बेटं गाठायची, आणि त्यात किमान एक टप्पा 90 किलोमीटरच्या आसपास. वर 2019 मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला, की वंश टिकायला सुरुवातीला किमान 1,300 माणसं लागली असतील. एकदम, किंवा सातशे वर्षांत साधारण 130 जणांच्या तुकड्यांनी. एवढी माणसं ओंडक्याला धरून नाही येत. बांबूचा तराफा बांधलाय, गोडं पाणी भरून घेतलंय, पोरंबाळं बसवलीत.

आणि ही माणसं समुद्राला सरावलेली होती. तिमोरमधल्या जेरिमलाई गुहेत 42 हजार वर्षांपूर्वीच्या थरात कुप्याची, म्हणजे ट्यूनाची हाडं आहेत. कुपा गळाला लावायला कोकणातला माणूस होडी घेऊन आत जातो. यावर आक्षेपही आहे: मासे लहान होते, काठावरूनही धरले असतील. असतील. पण मासळी खाणारी माणसं होती, एवढं नक्की.

मग तराफा कुठेय? नाही सापडला. बांबू कुजतो. जगातली सगळ्यात जुनी ज्ञात होडी नेदरलँड्समधली, पेस इथली, आणि ती जेमतेम दहा हजार वर्षांची. शिवाय ज्या किनाऱ्यावर ही माणसं उतरली, तो आज कित्येक मीटर पाण्याखाली आहे. त्यांची पहिली चूल तिकडेच कुठेतरी, गाळात.

पाणी परत चढलं तेव्हा टास्मानियातली माणसं मुख्य भूमीपासून तुटली. ते पुढच्या भागात बघू.