१५० लिटर

आमच्या प्रवासाच्या या चित्रफितीत मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, ओट्यावर, शेगडीच्या शेजारी, बटणांची ही जी पट्टी दिसते आहे, तिच्यातले एक बटण दाबले की टाकीत किती पाणी आहे ते चार छोट्या दिव्यांवर कळते. आज सकाळी त्यांतले दोनच दिवे लागले, आणि पहिला तर टाकी रिकामी असली तरी लागतो. याचा अर्थ १५० लिटरच्या टाकीत पन्नासेक लिटर पाणी उरले आहे, आणि आम्हा दोघांचे स्वयंपाकपाणी, भांडी आणि अंघोळी आता त्यातच भागवायच्या आहेत.

निवृत्तीनंतर आम्ही २८ फूट लांबीचे हे जुने मोटरहोम विकत घेतले आणि जानेवारी ते मार्च हे तीन महिने अमेरिकेच्या नैऋत्येकडील वाळवंटात, म्हणजे ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत, हिंडायचे ठरवले. माझे लहानपण माणदेशात टँकरची वाट पाहण्यात गेले, तर माझे पती पुण्याच्या पेठेत पै-पैचा हिशेब लिहिणाऱ्या घरात वाढले. त्यामुळे पाणी कसे जपावे हे आपल्याला कोणी शिकवायला नको, असा माझा समज होता, आणि हिशेबात आपला हात धरणारा कोणी नाही, असा त्यांचा. पहिल्या आठवड्यातच दोन्ही समज निकालात निघाले.

मोटरहोमच्या पोटात तीन टाक्या असतात. एक वापरायच्या पाण्याची, दुसरी ओटा आणि न्हाणीतून येणाऱ्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. पहिली रिकामी होते तशी दुसरी भरत जाते, हे सांगायला फार सोपे आहे. पण दुसरी आधी भरली, तर पहिलीत कितीही पाणी असले तरी नळ उघडता येत नाही, ही गोष्ट आमच्या लक्षात आली तेव्हा न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येऊ लागले होते. त्या दिवसापासून ताटे धुण्याआधी कागदाने पुसली जाऊ लागली, गरम पाणी येईपर्यंतचे गार पाणी बादलीत धरले जाऊ लागले, आणि तांदूळ धुतलेले पाणी डाळ शिजवायला जाऊ लागले. अंघोळ म्हणजे अंग ओले करून नळ बंद करणे, साबण लावणे आणि तीन तांबे ओतून घेणे. पाण्याचा पंप सुरू झाला की घरभर घरघर ऐकू येते, त्यामुळे एकाने किती पाणी वापरले हे दुसऱ्यापासून लपत नाही. "अहो, पंप बंद करा" हे वाक्य मी या तीन महिन्यांत जितक्या वेळा उच्चारले, तितके लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत दुसरे कोणतेही उच्चारले नसेल.

समोर दिसते आहे ते क्वार्ट्झसाइट. ॲरिझोनाच्या पश्चिम सीमेजवळच्या या गावाची वस्ती जेमतेम अडीच हजारांच्या आसपास आहे, पण हिवाळ्यात उत्तरेची थंडी टाळण्यासाठी येणाऱ्या मोटरहोमांनी भोवतालचे माळरान नजर जाईल तिथवर पांढरे होऊन जाते. ही जमीन केंद्र सरकारची असून तिच्यावर बहुतेक ठिकाणी १४ दिवस विनाशुल्क राहता येते. त्याहून अधिक राहायचे असेल, तर गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा सुमारे ११,४०० एकरांचा तळ आहे, जिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामासाठी परवाना मिळतो. वाळवंटाची नाजूक जमीन जिथे-तिथे तुडवली जाऊ नये, म्हणून १९८३ पासून असे तळ आखून दिले गेले. येथे वीज नाही, प्रत्येक गाडीपाशी नळ नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा जनरेटर चालवता येत नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सांडपाणी रिकामे करण्याची जागा मात्र आहे, आणि तिथे सकाळी लागणारी रांग ही या तळावरची खरी चावडी. राजकारण, सांधेदुखी, सोलर पॅनेलचे भाव आणि कोणाच्या इंजिनातल्या तारा उंदरांनी कुरतडल्या, हे सगळे तिथे रबरी नळी हातात धरून बोलले जाते.

याच गावाच्या दफनभूमीत दगडांचा हा छोटा पिरॅमिड आहे, ज्याच्या माथ्यावर धातूचा उंट उभा आहे. अमेरिकी सैन्याने १८५६ साली या कोरड्या मुलखात सामान वाहण्यासाठी उंट आणले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या उंटवाल्यांपैकी एकाचे नाव होते हाजी अली. मराठी माणसाला हे नाव ऐकून मुंबईचा दर्गा आठवेल. येथल्या लोकांच्या जिभेवर मात्र त्याचे 'हाय जॉली' झाले. यादवी युद्धाच्या काळात उंटांचा प्रयोग मोडीत निघाला, उंट विकले गेले किंवा रानात सुटले, आणि हाजी अली याच भागात राहून १९०२ मध्ये मरण पावला.

उंटांना जे जमले नाही ते पुढे पंपांनी केले. कोलोराडो नदीचे पाणी फिनिक्स आणि टूसॉन या शहरांकडे नेणारा कालवा सुमारे ५४० किलोमीटर लांब असून, वाटेत ते पाणी ८८० मीटरच्या आसपास वर चढवावे लागते, म्हणजे सिंहगडाच्या चढाहूनही अधिक. २०२१ च्या ऑगस्टमध्ये नदीच्या इतिहासात प्रथमच अधिकृतपणे पाणीटंचाई जाहीर झाली, आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यात जी कपात झाली तिचा मोठा फटका फिनिक्स आणि टूसॉनच्या मधल्या शेतकऱ्यांना बसला. शहराजवळच्या हिरव्यागार गोल्फ मैदानापाशी गाडी थांबवून आम्ही चहा केला, तेव्हा पती बराच वेळ त्या फवाऱ्यांकडे पाहत होते.

टूसॉनच्या दोन्ही अंगांना सवारो निवडुंगांचे राष्ट्रीय उद्यान आहे. सवारो फक्त सोनोरन वाळवंटात उगवतो, आणि त्याला पहिला हात फुटायला बहुधा ५० ते ७५ वर्षे लागतात. त्याच्या खोडावर वरपासून खालपर्यंत ज्या घड्या दिसतात, त्यांना मी पहिल्या दिवसापासून निऱ्याच म्हणत आले. पाऊस पडला की उथळ पसरलेली मुळे पाणी ओढून घेतात आणि निऱ्या उलगडून खोड फुगते. पाणी सरत जाते तशा त्या पुन्हा मिटतात. टाकी कशी असावी हे पाहायचे असेल तर ती येथे पाहावी.

ॲरिझोनाची सीमा ओलांडून न्यू मेक्सिकोत शिरले की लॉर्ड्सबर्गजवळ एका आटलेल्या सरोवराच्या सपाट तळावरून महामार्ग जातो. वारा सुटला तर येथे धुळीने समोरचे काहीच दिसेनासे होते. अशा वेळी रस्त्यापासून दूर गाडी उभी करून सगळे दिवे मालवायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा असतो, कारण मागून येणारा चालक लाल दिवा पाहून त्यालाच रस्ता समजतो. आम्ही असे वीस मिनिटे अंधारात बसलो होतो. त्या वेळचे चित्रण नाही.

आणि ही व्हाइट सँड्स नावाची पांढऱ्या वाळूच्या टेकड्यांची जागा, न्यू मेक्सिकोतलीच. ही वाळू जिप्समची आहे, त्यामुळे उन्हातही पायाला फारशी चटकत नाही. डोंगरांतून विरघळून आलेले जिप्सम या खोऱ्यातून बाहेर पडत नाही, कारण येथल्या पाण्याला समुद्राची वाटच नाही. पाणी उडून जाते आणि स्फटिक मागे राहतात, ज्यांचा वारा चुरा करतो. कोरड्याठाक दिसणाऱ्या या टेकड्या जागेवर टिकतात त्या मात्र खालच्या ओलाव्यामुळे. दोन टेकड्यांमधल्या सखल जागी थोडे उकरले तर ओल हाताला लागते. एके काळी येथे मोठे सरोवर होते, आणि त्याच्या काठच्या चिखलात उमटलेली माणसांची काही पावले २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. दुसऱ्या एका ठिकाणी, एक बाई किंवा किशोरवयीन मूल कडेवर लहानगे घेऊन दीड किलोमीटरभर चालत गेल्याच्या खुणा सापडल्या आहेत. मधूनच शेजारी चिमुकली पावले उमटतात आणि पुन्हा नाहीशी होतात. कडेवरचे ओझे घेऊन चालताना पाय कसा पडतो, हे मला कोणी सांगायला नको होते.

मार्चअखेरीस आम्ही उत्तरेला नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या मुलखाच्या, हद्दीत शिरलो. तिथल्या अनेक घरांत आजही नळ नाही, आणि लोक पिकअप गाडीवर टाकी ठेवून दूरवरून पाणी आणतात. अमेरिकी सरकारशी झालेल्या १८६८ च्या तहानुसार सरकारने आपल्यासाठी पाण्याची तजवीज करावी, अशी त्यांची मागणी होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार अशा मतांनी ती नाकारली. आमची काटकसर ही तीन महिन्यांची हौस आहे, मनात आले तर उद्या एखाद्या हॉटेलात जाऊन तासभर शॉवरखाली उभे राहता येईल, हे मला तिथे पहिल्यांदा बोचले.

पाणी भरण्याच्या जागी आमच्या पुढे एक पिकअप उभी होती. तिच्यावरची टाकी आमच्या टाकीच्या सहा-सात पट मोठी असेल. गाडीतल्या आजीबाईंनी खाली उतरून आमची किती भरायची आहे ते विचारले. पतींनी आकडा सांगितला. त्या हसल्या, आपल्या टाकीतून नळी बाहेर काढली आणि, "माझे चालायचे आहे बराच वेळ, तुम्ही आधी भरून घ्या," असे म्हणून ती त्यांच्या हातात दिली.