हात थांबला की दोरी निघते

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली की नागपुरात पहाटे गवतावर दव पडायला लागतं, आणि माझा शिकवणीचा हंगाम सुरू होतो. घराजवळच्या मैदानावर सकाळी साडेसहाला मी नऊ फुटांचा रॉड घेऊन उभी असते. फिरायला आलेली माणसं थांबून बघतात. परवा एका काकांनी विचारलंच, "ताई, हे काय करून राहिल्या? इथं पाणी नाही, मासे कुठून येतीन?"

मी म्हटलं, "काका, मासा मागाहून. आधी दोरी टाकता आली पाहिजे."

आज त्या दोरीबद्दलच बोलायचं आहे. फ्लाय कास्टिंग म्हणतात त्याला.

गळाने मासे धरणारी माणसं आपण तलावाकाठी पाहिली आहेत. दोरीला शिशाचा तुकडा बांधतात आणि भिरकावतात. वजन पुढे जातं, दोरी त्याच्या मागून ओढली जाते. फ्लायमध्ये हे चालत नाही. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, रंगीत दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तळहातावर ठेवला तर ठेवलाय हेही कळत नाही. असली हलकी वस्तू फेकणार कशी? म्हणून इथे वजन दोरीतच असतं. फ्लाय लाइन जाडसर असते, तिच्यावर प्लॅस्टिकचा लेप असतो आणि पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून तिला नंबर देतात. ही पद्धत १९६१ सालची. नवशिक्याला मी ५ नंबरची देते. तिचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं आठवतं? तेवढं वजन, ३० फुटांवर पसरलेलं. ताकद लावून ते जाणार नाही, हे इथेच लक्षात यावं.

मग जातं कशानं? अंगणात सडा टाकताना तुमचा हात आठवा. हात हळू सुरू होतो, वेग घेतो आणि एका जागी थांबतो. तो थांबतो तिथूनच पाणी पुढे सुटतं. हात पुढे पुढे नेत राहिलात तर पाणी पायाशी पडतं. रॉडचं तसंच आहे. दोरीच्या ओझ्याने रॉड वाकतो, हात थांबला की सरळ होतो, आणि दोरी केसांच्या पिनेसारखं वळण घेऊन उलगडत जाते. त्या वळणाला लूप म्हणतात. रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं तर लूप अरुंद होतो आणि वाऱ्यातही दोरी घुसते. टोक इंद्रधनुष्यासारखी कमान करत गेलं तर लूप रुंद होतो आणि दोरी जवळच ढेपाळते. बहुतेकांची कमान होते, कारण मनगट मागे फार मोडतं.

पुढे फेकण्याआधी दोरी मागे फेकावी लागते. तो बॅक कास्ट. मागे फेकल्यावर दोरी पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं. फ्लाय कास्टिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, असं माझं ठाम मत आहे. पुढे मासा असतो, पाणी असतं, आणि आपण मात्र पाठीमागच्या दोरीसाठी हात रोखून उभं राहायचं. घाई केली तर चाबकासारखा कडाका वाजतो आणि फ्लाय तुटून जाते. फार थांबलात तर दोरी गवतात पडते. किती थांबायचं ते दोरीच्या लांबीवर ठरतं, म्हणून मी मुलांना गावं म्हणायला लावते. दोरी आखूड असेल तर मनात "नागपूर". थोडी लांब सोडली की "नागपूर, कामठी". आणखी लांब, तर "नागपूर, कामठी, रामटेक". शिवाय मान वळवून मागे बघायचं. बघण्यात कमीपणा नाही, डोळ्यांना जे दिसतं ते हात लवकर शिकतो.

मी स्वतः हे हिमाचलात, तीर्थन नदीवर शिकले. पहिल्या दिवशी तासन् तास दोरी भिरकावत होते आणि दर दहा मिनिटांनी दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्यात गाठ. मी वाऱ्याला दोष दिला. सोबतचे पहाडी वाटाडे आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि मला हात हलवूच दिला नाही. दोरी मागे सरळ झाली, रॉडच्या मुठीला बारीकसा ओढा लागला, तेव्हा हात सोडला. तो ओढा मला आजही तळव्यात जाणवतो. गाठ वाऱ्याने पडत नव्हती. मी सुरुवातीलाच झटका देत होते, त्याने रॉडचं टोक खाली झुकायचं आणि दोरी स्वतःलाच ओलांडायची. अशा एका गाठीने धाग्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. म्हणून गाठ दिसली की धागा बदलायचा, पुढे रेटायचं नाही.

जोर कमी पडेल म्हणून बायका-मुली कचरतात, त्यांच्यासाठी एक नाव सांगते: जोन वुल्फ. या अमेरिकन बाईंनी १९४३ ते १९६० या काळात कास्टिंगची १७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९५१ मध्ये तर लांब फेकीच्या स्पर्धेत समोर सगळे पुरुष असताना त्या जिंकल्या. पुढे १९७९ पासून न्यूयॉर्क राज्यात बीव्हरकिल नदीकाठी नवऱ्यासोबत त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

सरावाला फार काही लागत नाही. गळाऐवजी स्वेटरच्या लोकरीचा बोटभर लाल तुकडा बांधा, म्हणजे कोणाला लागणार नाही आणि गवतात दिसेलही. तरी डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी हवीच, मैदानावरही. सिमेंटवर सराव करू नका, दोरीचा लेप खरवडला जातो. वीस मिनिटं पुरे. हात थकला की मनगट मोडायला लागतं आणि चुकीचीच सवय पक्की होते. कुणाला तरी बाजूला उभं करून मोबाइलवर चित्रण करून घ्या. आपलं मनगट कुठे मोडतं ते आपल्याला कधी दिसत नाही.

आणि पाण्यावर जाल तेव्हा आधी विचारून जा. आपल्याकडे तलावांचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, कुणाचं तरी पोट त्यावर असतं. पेंचच्या राष्ट्रीय उद्यानात तर मासेमारीला बंदीच आहे.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट ही थंड पाण्यातली मासळी धरायला मनाई असते, कारण ते तिच्या अंडी घालण्याचे दिवस. आपल्याकडे नेमके हेच चार महिने गवत ओलं आणि हवा गार असते. मार्चमध्ये तीर्थनचा हंगाम उघडेल, तोवर मी रोज सकाळी मैदानावर आहे. त्या काकांनीही काल रॉड हातात घेतला होता. "नागपूर, कामठी" मोठ्यानं म्हणाले, आणि दोरी सरळ गेली.

नमस्कार.